पाच वाजताचं चित्र

शिलाई मशीन दुरुस्त करण्यात ज्याचं उभं आयुष्य गेलं, त्या माणसाला सगळी गल्ली ‘तेलपाणी’ म्हणायची. मशीन टाके सोडतंय, धागा तोडतंय, खडखड करतंय, काहीही गाऱ्हाणं घेऊन जा, याचं पहिलं वाक्य ठरलेलं: “तेलपाणी करू, चालेल.” आणि मशीन चालायचं. चाळीस वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाला ‘हे आता टाकून द्या’ असं सांगितलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता, आणि म्हणूनच या एका बाबतीत तो अस्सल हेकट होता. बायको होती तोवर बजावायची, “माझं काही बिघडलं तर आधी डॉक्टर बोलवा हं. तेलाची कुपी घेऊन येऊ नका.”

बायको गेली, मग गुडघे गेले, मग दुकानही बंद झालं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथल्या लांब बाकावर, जिथे एके काळी मशीनं पोट उघडून पडलेली असायची, तिथे आता एक कॉम्प्युटर पोट उघडून उभा होता. मुलीच्या कॉलेजच्या दिवसांतला. ती लग्न करून गेली, नोकरीला लागली, तिनं पुढे चार कॉम्प्युटर बदलले, हा मात्र माहेरीच राहिला. त्याच्या कुशीचा पत्रा तेलपाण्यानं कायमचा काढून ठेवला होता आणि समोर टेबलफॅन लावला होता, कारण तापला की तो बंद पडायचा. बॉबिनभोवतीचा कचरा काढायच्या मऊ ब्रशनं तो दर रविवारी त्याच्या आतली धूळ काढायचा. आतला बारका पंखा कुरकुरायला लागला तेव्हा त्यानं त्यात मशीनच्या तेलाचा एक थेंबही सोडला होता. पंख्याची कुरकुर थांबली. मुलीला कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारून घेतला.

या कॉम्प्युटरला दिवसातून एकच काम असायचं. संध्याकाळी पाच वाजता ताईचं चित्र दाखवायचं.

ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, जन्मापासून बहिरी. तिला बोलताही येत नव्हतं आणि लिहिता-वाचता म्हणावं तर आपल्या सहीपुरतं. लहानपणी आईनं आणि या दोघा भावंडांनी मिळून घरातल्या घरात खुणांची एक भाषा केली होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, कुठल्या पुस्तकात नव्हती. नाकाखाली बोट घासलं की तो, कारण लहानपणी त्याचं नाक सदा वाहायचं. सत्तरी उलटली, नातवंडं झाली, तरी ताईच्या लेखी तो शेंबडाच राहिला. मुठीनं चाक फिरवलं की मशीन. दोन मुठी एकमेकींवर दाबल्या की अडकलं. आई गेल्यावर ही भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच उरली. मुलीला निम्मीशिम्मी यायची.

ताई राहायची बसनं सहा तासांवरच्या गावात. तीस वर्षं तिनं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतलं, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावरही पहिल्या मजल्यावरची आपली खोली काही सोडली नाही. रक्तदाब होता, गोळ्या होत्या, डॉक्टरांनी एकटं राहू नका म्हणून सांगितलं होतं. भावानं हजारदा बोलावलं. ती हातानं खिडकी दाखवायची आणि मग छातीवर हात ठेवायची. माझी खिडकी. संपला विषय. खाली एक इस्त्रीवाली होती, तिच्याकडे खोलीची दुसरी चावी असायची, एवढाच काय तो आधार.

म्हणजे ताई आज धड आहे की नाही, हे कळायचा मार्ग एकच होता: पाच वाजताचं चित्र. फोनचा उपयोग नव्हता. हातातल्या छोट्या फोनवर चित्र दिसलं असतं, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्याला त्या चिमुकल्या चौकोनात बोटं ओळखू येत नव्हती, आणि बोटं दिसली नाहीत तर ताई दिसून उपयोग काय. पाच वाजले की दोघं आपापल्या जागी बसायची आणि ताईचा हात उठून नाकाखाली जायचा. तो हात उठेपर्यंत तेलपाण्याचा जीव टांगणीला लागलेला असायचा. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज पाच वाजण्याच्या आधीची पंधरा मिनिटं तो घाबरलेला असे, आणि वय वाढत होतं तशी ती पंधरा मिनिटंही वाढत चालली होती.

मग ज्या व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रामवर ताई दिसायची, त्यानं रूप पालटलं. एके दिवशी उघडला तर सगळं नवं, गुळगुळीत, रंगीत. आपल्या मागे समुद्र दाखवा, डोंगर दाखवा, डोक्यावर टोपी घाला, असल्या सोयी. आणि वर एक पिवळी पट्टी: तुमचा कॉम्प्युटर जुना आहे, काही गोष्टी नीट चालणार नाहीत. समुद्राशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला ताई हवी होती, आणि ताई आता तुकड्यातुकड्यांनी येऊ लागली. हात वर जाताना दिसायचा नाही, एकदम वरच दिसायचा. बोटांचे चौकोन व्हायचे. कधी चित्र जागच्या जागी थिजायचं आणि टेबलफॅनच्या वाऱ्यात कॉम्प्युटर धापा टाकत राहायचा.

ताईकडे भाचीनं दिलेला नवाकोरा टॅब होता. घोडं पेंड खात होतं ते याच्याच बाजूला.

मुलगी म्हणाली, “बाबा, नवीन घेऊन देते. शनिवारी येते, लावून देते, झालं.”

“चालतंय ना?”

“हे चालणं आहे?”

“चालतंय,” तो म्हणाला. “थोडं तेलपाणी करावं लागेल.”

त्यानं केलंही. हेकट असला तरी माणूस हुशार होता. पिवळ्या पट्टीला फशी पाडणारा एक हलका ब्राउझर त्यानं शोधून काढला. चित्र सगळ्यात लहान केलं. आवाज पार बंद करून टाकला, कारण ऐकायचं कुणाला होतं, आणि तेवढाच मशीनवरचा भार हलका. साडेचार वाजता कॉम्प्युटर बंद करून गार करायचा, पावणेपाचला चालू करायचा, दुसरं काहीही उघडायचं नाही. हा सगळा क्रम त्यानं एका वहीत लिहून ठेवला. ताईलाही त्यानं शिकवलं: खूण केली की हात तसाच धरून ठेव, मनात तीन मोज, मग पुढची खूण. ताई आधी हसली, मग शिकली. दोघं म्हातारी एकेक खूण धरून पुतळ्यासारखी बसायची. बोलणं तिप्पट लांबलं, पण पोचायला लागलं.

एक नियम मात्र त्यांना ठेच लागून करावा लागला. चित्र थिजलं म्हणून एकदा त्यानं घाईघाईनं बंद करून पुन्हा चालू केलं, तर प्रोग्राम उघडेचना. चाळीस मिनिटं गेली. तिकडे ताईच्या टॅबवर भाऊ दिसत होता तो नाहीसा झाला. ती पायात चप्पल न घालता जिना उतरून इस्त्रीवालीकडे गेली आणि नाकाखाली बोट घाशीत रडत राहिली. इस्त्रीवालीला वाटलं, बाईला सर्दी झाली. त्या दिवसानंतर ठरलं: अडकलं तर कुणी कशाला हात लावायचा नाही. उठून पळायचं नाही. शांत बसायचं. सुटतं. आणि खरंच सुटायचं. कधी अर्ध्या मिनिटात, कधी तीन मिनिटांत, एकदा सहा.

कधी अडकलं, कधी सुटलं, हे तो वहीत टिपून ठेवू लागला. दुखणं कुठल्या वेळी उठतं ते कळलं की इलाज सापडतो, असा त्याचा चाळीस वर्षांचा अनुभव.

त्या दिवशी चित्र तिसऱ्या प्रयत्नाला आलं. ताई खिडकीकडे पाठ करून, उशीला टेकून बसली होती. तिनं नाकाखाली बोट घासलं. तेलपाण्याच्या छातीवरचा रोजचा धोंडा उतरला. तिनं सांगितलं की जुन्या गणवेशाच्या तुकड्यांची चादर शिवायला घेतलीय. त्यानं विचारलं, गोळी घेतलीस का? तिनं हात उचलला, आणि पुढच्या तुकड्यात हात मांडीवर होता. मधला भाग नेहमीसारखा गळाला होता. मग पुढचा तुकडा आलाच नाही. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं: ५.०७, अडकलं.

तो बसला. नियम म्हणजे नियम. चहा निवत होता तो घोट घोट प्यायला. एकदा उंदराकडे, म्हणजे त्या माउसकडे, हात गेला, तो त्यानं मागे घेतला. चहा संपला. सात मिनिटं झाली होती. आजवरचा विक्रम मोडला, असं मनाशी म्हणत तो उठला, आत जाऊन कप धुतला, पालथा घातला, हात पुसत परत आला. ताई तशीच. मान जराशी कलती, तोंडाशी चौकोनांचा घोळ. चित्र सुटेल तेव्हा तिला आपला आंबट चेहरा दिसू नये म्हणून तो तिच्याकडे बघून हसला आणि तसाच बसून राहिला. दहा मिनिटं. अकरा. आता त्याला भीती वाटायला लागली होती, पण भीती कसली तर प्रोग्राम कायमचा बसला की काय याची. मुलगी काय म्हणेल याची.

तेवढ्यात ताईच्या मागे खिडकीचा पडदा हलला.

त्याचा जीव भांड्यात पडला. पडदा फुगला, खाली बसला, पुन्हा फुगला. सुटलं एकदाचं. त्यानं पेन उचललं आणि वहीत लिहिलं: ५.१९, सुटलं. मग मान वर केली.

पडदा हलत होता. ताई हलत नव्हती.

हे समजायला किती वेळ गेला ते वहीत नाही. चित्र अडकलेलं नव्हतं. कदाचित कधी अडकलंच नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर करून हलवले, नाकाखाली बोट घासलं, एकदा, दोनदा, दहादा. मग चष्मा कपाळावर चढवून तोंड काचेला भिडवलं. ताईचे डोळे उघडे होते. बघता बघता ते मिटले आणि उघडले. एवढंच. ओरडावं तर ओरडणार कुणाला? जिनं उभ्या जन्मात त्याचा आवाज ऐकला नव्हता, तिच्या नावानं तो तरीही ओरडला.

त्यानं इस्त्रीवालीला फोन लावला. पहिल्यांदा घंटा वाजून वाजून थांबली. दुसऱ्यांदा इस्त्रीवालीनं उचलला.

“बोला भाऊ. हातात इस्त्री आहे, जरा थां...”

“वर जा. ताईकडे.”

“काय झालं?”

“आधी वर जा. चावी घे आणि जा. मला ती दिसतेय. हलत नाहीये.”

तिनं फोन तसाच हातात धरून धाव घेतली असावी. त्याला तिच्या चपलांचा आवाज आला, धाप आली, कुलपाचा आवाज आला. आणि चित्रात कडेला दार बंद दिसत होतं ते एकदम उघडं दिसलं. मग खोलीच्या मधोमध इस्त्रीवाली. मग तिची पाठ, ताईच्या पुढ्यात, सगळा चौकोन भरून. आणि तिथे चित्र अडकलं. या वेळी खरोखर. आतला पंखा किंचाळायला लागला आणि पडद्याचा जेवढा कोपरा दिसत होता तोही थिजला.

समोर इस्त्रीवालीची पाठ, आणि कानाला फोन. फोनमधून तिचा आवाज येत होता. “ताई. अहो ताई. माझ्याकडे बघा. ताई, ऐकू येतंय का?”

तो काचेवरच्या त्या पाठीकडे बघत उभा राहिला.

सहा वाजता हॉस्पिटलमधून डॉक्टर फोनवर आल्या. आवाजावरून मुलीच्या वयाच्या असाव्यात. म्हणाल्या, मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी आहे. ती विरघळवायचं इंजेक्शन देता येईल, पण वेळेत असलं तरच. “पेशंटला शेवटचं ठीक कधी पाहिलंत? अंदाज नको. नक्की सांगा.”

वही समोर होती. एका ओळीत ५.०७, खालच्या ओळीत ५.१९. वरची ओळ त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. त्याला एक क्षण वाटलं, खालची सांगावी. याबद्दल त्यानं पुढे स्वतःला कधीच माफ केलं नाही.

“पाच वाजून सात मिनिटं,” तो म्हणाला.

“आणि कळवलंत कधी?”

“पाच वाजून वीस मिनिटांनी.”

“मधे?”

“मधे मला वाटलं, मशीन अडकलंय.”

डॉक्टरांनी वेळ लिहून घेतली. मग म्हणाल्या, “वेळेत आहात. इंजेक्शन देतोय.”

ताई वाचली. दुसऱ्या दिवशी मुलीबरोबर तो पोचला तेव्हा ती डोळे उघडून पडली होती. उजवा हात चादरीवर होता, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा. कापड बेतणारा हात तोच, आणि बोलणाराही तोच. मुलीनं डॉक्टरांना विचारलं, बोलणं परत येईल का? डॉक्टर म्हणाल्या, त्यांना तर बोलता येत नव्हतं ना? तेलपाणी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तीन महिने तो ताईच्या खोलीत राहिला. डाव्या हातानं ती आधी पाणी मागायला शिकली, मग पुरे म्हणायला, मग नको म्हणायला. बारा मिनिटांचं सांगायचं त्यानं रोज ठरवलं आणि रोज उद्यावर ढकललं. बारा मिनिटांत हात वाचला असता का, हे डॉक्टरांनाही विचारायचं त्याला धैर्य झालं नाही, कारण त्या हो म्हणाल्या असत्या तर? तिच्या हाताला तेल चोळताना तो मान वर करत नसे. शेवटी इस्त्रीवालीची विधवा जाऊ ताईच्या सोबतीला राहायला आली आणि मुलीनं त्याला जवळजवळ ओढूनच घरी आणलं.

घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते कॉम्प्युटरच्या वायरी काढण्याचं. कुशीचा पत्रा शोधून पुन्हा बसवला, चारही स्क्रू आवळले. मुलीला म्हणाला, “हे टाकून दे.”

चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मुलगी उचलून घेऊन गेली.

नवा कॉम्प्युटर पाटीएवढा होता, आवाज म्हणून नव्हता त्याला. पाच वाजता एका टिचकीत ताई आली. मोठी, स्वच्छ, कपाळावरच्या आठ्यांसकट. चादरीच्या तुकड्यांवरचे टाके मोजता येत होते. डाव्या हाताचं बोट हळूहळू वर आलं आणि नाकाखाली घासलं गेलं. सगळं कसं पाण्यासारखं वाहत होतं.

आणि तेलपाणी भीतीनं अर्धमेला होत होता. डावा हात मुळातच हळू, त्यात तीन मोजायची जुनी सवय ताईनं सोडली नव्हती. प्रत्येक खूण धरून ती थांबली की याची नजर तिच्या खांद्यावरून मागे जायची. पडदा हलतोय? हलतोय. मग ती का हलत नाही? मग ती हलायची. मग पुढची खूण, पुन्हा थांबणं, पुन्हा पडदा. रोज अर्धा तास. उठताना सदरा घामानं ओला झालेला असायचा.

असे दहा-बारा दिवस गेले. एका संध्याकाळी ताईनं बोलता बोलता हात खाली ठेवला. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग हात उचलून सावकाश म्हणाली, तू माझ्याकडे बघत नाहीस. मागे बघतोस.

त्याच्यानं आता राहवेना. त्यानं मुठीनं चाक फिरवलं. दोन मुठी एकमेकींवर दाबल्या. मग दहा बोटं दाखवली आणि नंतर दोन. घड्याळ. मग स्वतःकडे बोट. मला वाटलं, मशीन अडकलंय. बारा मिनिटं. मी नुसता बसलो होतो. एकही खूण गळाली नाही; हे चित्र असं की त्यातलं काहीच लपत नव्हतं.

ताई स्तब्ध होती. पडदा हलत होता. त्यानं पडद्याकडे न बघायचा निश्चय केला आणि तिच्या डोळ्यांकडे बघत राहिला.

मग तिचा हात उठला. ठाऊक आहे, ती म्हणाली.

कसं?

मला दिसत होतास. तिनं हात धरून ठेवला, तीन मोजले. चहा प्यायलास. उठून गेलास. हात पुसत परत आलास. पुन्हा तीन मोजले. माझ्याकडे बघून हसलास.

तेलपाण्यानं तोंडावर हात घेतला. पण तोंडावर हात घेतला की उत्तर देता येत नाही, म्हणून तो खाली केला.

ताईचा हात अजून वरच होता. तिनं एक बोट त्याच्याकडे केलं, मग मूठ दुसऱ्या, उचलत नसलेल्या मुठीवर नेऊन दाबली. मला वाटलं, तुझ्याकडचं चित्र अडकलंय. म्हणून मीही वाट बघत राहिले, सुटेल म्हणून.